पाय धुतल्यावर टॉवेल कोण धुतो?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहातल्या गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी होतो आणि त्याचे छायाचित्र बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशीच्या अंकात येते. पांढऱ्या झग्यातले धर्मगुरू गुडघ्यावर, समोर खुर्च्यांवर बारा जण, खाली तस्त. ओळही ठरलेली: ‘नम्रतेचा संदेश’. छायाचित्राला हरकत नाही. पण गर्वाला ख्रिस्ती परंपरेने सगळ्या पापांच्या वर का बसवले आणि त्यावर इलाज काय सांगितला, हे त्या एका ओळीतून कळत नाही. नम्रता म्हणजे वर्षातून एकदा वाकून दाखवणे, असाच समज व्हायचा. म्हणून हे पत्र. जरा लांबले आहे, सांभाळून घ्यावे.

विधी जवळून पाहण्यासारखा आहे. निवडलेले लोक घरूनच पाय स्वच्छ धुऊन येतात. बूट-मोजा काढायचा तो बहुतेक ठिकाणी एकाच पायाचा. एक मुलगा तांब्यातून कोमट पाण्याची बारीक धार सोडतो, दुसरा तस्त धरतो, धर्मगुरू टिपून घेतात आणि पुढच्या खुर्चीकडे सरकतात. माणशी अर्धा मिनिट लागत असेल. गायकवृंदाचे गीत संपायच्या आत सगळे उरकते आणि ओले टॉवेल सॅक्रिस्टीच्या, म्हणजे वेदीजवळच्या तयारीच्या खोलीच्या, कोपऱ्यात जाऊन पडतात. ते कोण धुते हे धर्मग्रामात (एका चर्चशी जोडलेल्या ख्रिस्ती समाजात) फारसे कुणाला माहीत नसते.

बारा जण कोण, हाही प्रश्नच आहे. ज्यांनी घंटेला किंवा पंख्यांना देणगी दिली, जे समितीवर आहेत, त्यांची नावे यादीत सहज शिरतात. मग पाय धुवून घेणे हाच मान होऊन बसतो आणि नाव राहिले की रुसवाफुगवी. रोमची सूचना तशी नाही. १९५५ च्या सुधारणेने हा विधी गुरुवारच्या संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे मुख्य उपासनेत, आणला, तोही ऐच्छिक. जानेवारी २०१६ च्या आदेशाने पुरुषच हवेत ही अट काढली. तरुण-वृद्ध, धडधाकट-आजारी, स्त्री-पुरुष असे सर्व लोकांचे प्रतिनिधी घ्यावेत, असा त्याचा रोख आहे. त्याआधी, २८ मार्च २०१३ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या कासाल देल मार्मो या अल्पवयीनांच्या तुरुंगात १२ कैद्यांचे पाय धुतले होते. त्यांत दोन मुली होत्या, मुस्लिमही होते. आपल्याकडच्या किती याद्यांत चर्चची झाडलोट करणाऱ्या बाई असतात, हे प्रत्येक धर्मग्रामाने आपापले तपासावे.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायात कामाचा क्रम नीट सांगितला आहे. येशू भोजनावरून उठतो, बाहेरचे वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात स्वतः पाणी ओततो, शिष्यांचे पाय धुतो आणि कमरेच्याच रुमालाने पुसतो. हाताखाली कुणी नाही. त्या काळी हे घरातल्या दासाचे काम. ज्यांचे पाय धुतले त्यांत येशूला पकडून देणारा यहूदाही होता. तो उठून बाहेर गेला तो नंतर. पेत्र या शिष्याने मात्र पाय धुवून घ्यायला ठाम नकार दिला. ऐकायला हा विनय वाटतो, पण येशूने तो चालवून घेतला नाही. दुसऱ्याकडून काही घ्यायची वेळ आली की अंग चोरणे हीही गर्वाचीच एक जात आहे. आयुष्यभर लोकांना देत आलेली माणसे म्हातारपणी कुणाचा हात धरून पायरी चढायला तयार होत नाहीत. लोक त्याला स्वाभिमान म्हणून गौरवतात.

या प्रसंगाचा रोजच्या कारभारासाठी अर्थ लावला तो सहाव्या शतकात इटलीतल्या संत बेनेडिक्ट यांनी. मॉन्टे कॅसिनोचा मठ त्यांचा, आणि ७३ प्रकरणांची नियमावलीही त्यांचीच. सातव्या प्रकरणात नम्रतेच्या बारा पायऱ्या आहेत आणि सगळे प्रवचनकार तेवढेच वाचतात. खरी मेख आहे ३५ व्या प्रकरणात. ते स्वयंपाकघराच्या पाळीबद्दल आहे.

नियम असा. मठातला प्रत्येक जण आठवडाभर स्वयंपाकघरात आणि पंगतीत सेवा करील. सूट फक्त आजाऱ्याला किंवा मठाच्या खरोखरच महत्त्वाच्या कामात असलेल्याला. जो अशक्त असेल त्याला मदतनीस द्यायचा, म्हणजे तो कष्टी होऊन काम करणार नाही. शनिवारी पाळी संपवणाऱ्याने साफसफाई करायची, आणि सगळ्यांनी हात-पाय पुसलेले टॉवेल त्यानेच धुवायचे. मग तो आणि पुढच्या आठवड्याचा सेवक अशा दोघांनी मिळून सर्वांचे पाय धुवायचे. भांडी स्वच्छ आणि धड अवस्थेत कोठारप्रमुखाला परत करायची. त्याने ती नव्या सेवकाच्या ताब्यात द्यायची, म्हणजे काय दिले आणि काय परत आले याचा हिशेब राहतो. रविवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर दोघांनी सर्वांपुढे गुडघे टेकून आपल्यासाठी प्रार्थना मागायची. आणि यातली सगळ्यात शहाणपणाची सूचना: सेवकांना जेवणाच्या आधी ठरलेल्या वाट्याहून जास्तीची थोडी भाकरी आणि पेय द्यावे, म्हणजे वाढताना ते कुरकुर करणार नाहीत.

यात मनात काय वाटावे याबद्दल जवळजवळ काही नाही. पाळी, टॉवेल, भांड्यांची मोजदाद, भाकरीचा तुकडा. उपाशी माणसाला वाढायला लावले की त्याच्या मनात ‘मी राबतो आणि हे बसून खातात’ हे येणारच, हे बेनेडिक्ट यांना पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी उपदेश केला नाही, भाकरी दिली. पाळी सगळ्यांवर येते म्हटल्यावर सेवेचा डौल मिरवायला जागा उरत नाही. आज मी, पुढच्या शनिवारी तू.

बारा पायऱ्यांचा क्रमही त्याच समजुतीने लावलेला आहे. पहिली पायरी देवाचे भय सतत डोळ्यांसमोर ठेवण्याची, दुसरी स्वतःच्या मर्जीचा लाड न करण्याची, तिसरी आज्ञापालनाची, चौथी ते कठीण झाले तरी टिकून राहण्याची, पाचवी मनातले वाईट विचार वडीलधाऱ्यापुढे न लपवता सांगण्याची. आठवी मोठी व्यवहारी आहे: मठाचा नियम आणि वडिलांचा पायंडा यांबाहेरचे काही वेगळे करायचे नाही. जिभेला आवर, हसण्याला आवर, मोजके बोलणे या गोष्टी त्यानंतर. मान खाली आणि नजर जमिनीकडे, ही बारावी पायरी, सगळ्यात शेवटची. आपल्याकडे सुरुवात बारावीपासून होते आणि तिथेच संपते. व्यासपीठावर हात जोडून ‘मी तर एक साधा सेवक’ म्हणणाऱ्याला पहिल्या अकरांबद्दल कुणी विचारत नाही.

गर्व इतका धोक्याचा का? आपली म्हण सांगते, गर्वाचे घर खाली. ख्रिस्ती साधकांची चिंता वेगळी होती: पुष्कळदा ते घर खाली येतच नाही, आणि आतल्या माणसाला काही बिघडले आहे याचा पत्ता लागत नाही. इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस यांनी (मृत्यू ३९९) साधकाला छळणारे आठ विचार सांगितले: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, खिन्नता, क्रोध, साधनेचा कंटाळा, कीर्तीची हाव आणि शेवटी गर्व. पहिले सहा साधनेने मागे हटतात. उरलेले दोन साधनेवरच पोसतात. उपवास केला तर खादाडपणा कमी होतो, पण त्याच उपवासावर कीर्तीची हाव वाढते. त्यांच्याच वाटेने जाणाऱ्या जॉन कॅसियन यांनी पाचव्या शतकात गॉलमध्ये (आजच्या फ्रान्समध्ये) हे आणखी फोडून सांगितले. ही हाव त्यांनी कांद्यासारखी म्हटली आहे: एक पापुद्रा काढला की खाली दुसरा. भारी कपड्याने फुलला नाही तो जाडाभरड्याने फुलतो. बोलण्याने नाही तर मौनाने. उपवास दाखवून नाही तर उपवास लपवल्याच्या समाधानाने. कीर्तीची हाव असलेल्याला निदान लोकांची गरज असते. गर्विष्ठाला तीही उरत नाही, देवाचीही नाही.

सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप थोर ग्रेगरी यांनी गर्वाला दुर्गुणांची राणी ठरवून ओळखायच्या चार खुणा दिल्या. आपल्यातले चांगले आपल्यामुळेच आहे असे मानणे, ही पहिली. ते देवाने दिले खरे, पण आपल्या लायकीमुळे दिले असे मानणे, ही दुसरी; धार्मिक माणसे अडकतात ती इथेच. तिसरी, नसलेल्या गुणांची बढाई. चौथी, जे आपल्याकडे आहे ते दुसऱ्या कुणाकडे नाही असे दिसावे म्हणून इतरांना तुच्छ लेखणे. लूकच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायात मंदिरात उभा असलेला परुशी, म्हणजे काटेकोर धर्मपालन करणारा यहुदी, आपण इतरांसारखे पापी नाही म्हणून देवाचे आभारच मानतो आहे, हे लक्षात घ्या. पहिल्या खुणेत तो सापडत नाही. दुसऱ्या आणि चौथीत अलगद सापडतो.

खोटा विनय पकडायची एक जुनी कसोटी कॅसियन यांच्या लिखाणात आहे. सेरापियन नावाच्या वृद्ध साधूकडे एक तरुण संन्यासी आला. सेरापियन यांनी रिवाजाप्रमाणे त्याला प्रार्थना म्हणायला सांगितले. तो म्हणाला, मी इतका पापी की मी लायक नाही. चटईवर बसायला सांगितले, तर जमिनीवर बसला. पाय धुवू देईना. जेवण झाल्यावर सेरापियन यांनी प्रेमाने सल्ला दिला: तू तरुण आहेस, अंगात ताकद आहे, इकडेतिकडे भटकण्यापेक्षा आपल्या कोठडीत राहून हाताने काम कर आणि त्यावर पोट भर. तरुणाचा चेहरा असा उतरला की त्याला तो लपवता येईना. सेरापियन म्हणाले, आतापर्यंत तू स्वतःवर नाही नाही ती पापे ओढवून घेत होतास, आणि एका साध्या सल्ल्याने एवढा दुखावलास? नम्र व्हायचे असेल तर दुसरे जे बोलतात ते शांतपणे सोसायला शीक.

ही कसोटी घरी करून पाहता येते. ‘माझ्यासारख्या पामराला काय कळतंय’ असे म्हणणाऱ्याला ‘या बाबतीत खरंच तुमचं चुकतंय’ असे एकदा म्हणून पाहावे.

बाराव्या शतकात फ्रान्समधल्या क्लेअरव्हो मठाचे मठाधिपती बर्नार्ड यांनी बेनेडिक्ट यांच्या पायऱ्या उलट्या लावून गर्वाच्या बारा पायऱ्या लिहिल्या. पहिली आहे इकडेतिकडे नजर, म्हणजे दुसऱ्याचे काय चालले आहे यावर डोळा. पाचवी आहे वेगळेपणाची हौस. असा मठवासी पंगतीत बसला की आपल्याहून कमी कोण जेवतो ते पाहतो, आणि कुणी दिसला की आपलाही घास कमी करतो. पोट उपाशी राहिले तर चालेल, नाव जाता कामा नये. सगळ्यांबरोबरच्या प्रार्थनेत डुलक्या घेतो आणि नंतर एकटा मागे राहून खाकरतो, उसासे टाकतो, म्हणजे बाहेर बसलेल्यांना ऐकू जावे. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचे वर्णन आहे. आजच्या प्रार्थनासभेतल्या माइकची तेवढी त्यात भर घालायची. उपवासकाळात आपण काय काय सोडले याची यादी स्टेटसवर टाकणारेही याच पायरीवर. मत्तयच्या सहाव्या अध्यायात दान, प्रार्थना आणि उपवास या तिन्हींना गुप्ततेची अट आहे ती याचसाठी.

आता चर्चमध्ये काम करणाऱ्यांबद्दल. गर्व रिकाम्या माणसाला कमी आणि कामाच्या माणसाला जास्त धरतो, म्हणून बेनेडिक्ट यांच्या नियमावलीने हुशार माणसांवर खास लक्ष ठेवले आहे. ३८ व्या प्रकरणात जेवणाच्या वेळी आठवडाभर वाचन करणारा वाचक रविवारी सर्वांना विनवतो की अहंकार शिरू नये म्हणून माझ्यासाठी प्रार्थना करा. वाचन चांगले झाले तर शिरणार, हे गृहीतच धरले आहे. ५७ वे प्रकरण कारागिरांचे. आपल्या कसबामुळे मठाला काही मिळते असे ज्याला वाटू लागेल त्याच्याकडून ते काम काढून घ्यायचे. तो निवळल्यावर मठाधिपतीने पुन्हा सांगितले तरच ते हाती द्यायचे. मठाचे नुकसान झाले तरी चालेल. आपल्याकडे नेमके उलटे होते: एकट्याने गाणारा चांगला गातो म्हणून त्याचे सगळे खपवून घेतले जाते आणि तीन वर्षांनी अख्खा गायकवृंद फुटतो. ६३ व्या प्रकरणात ज्येष्ठता मठात आल्याच्या क्रमाने ठरते. दिवसाच्या दुसऱ्या तासाला आलेला पहिल्या तासाला आलेल्याहून कनिष्ठ, मग तो बाहेर कितीही मोठा असो. देणगीदारांची पहिली रांग या नियमात बसत नाही.

कसबाचा माज कसा टाळता येतो याचे उदाहरण आपल्या मराठीत आहे. रमाबाईंना संस्कृतच्या विद्वत्तेसाठी कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या होत्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचे भाषांतर केले ते साध्या बायकांना वाचता यावे अशा मराठीत. जडजंबाल संस्कृत शब्द जाणूनबुजून बाजूला ठेवले. छपाईचे कामही तिथल्याच बायका-मुली करीत. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि पूर्ण बायबल १९२४ मध्ये निघाले. आजची कित्येक मराठी प्रवचने ऐकली की बोलणाऱ्याला समोरच्यांपर्यंत पोचायचे आहे की आपला शब्दसंग्रह दाखवायचा आहे, कळत नाही.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. नम्रतेचा उपदेश नेहमी खालच्यालाच केला जातो, असे पुष्कळ जण म्हणतात, आणि महाराष्ट्रातल्या ज्या समाजांतून बहुसंख्य प्रोटेस्टंट ख्रिस्ती आले त्यांना पिढ्यान्‌पिढ्या वाकायला लावले गेले होते. त्यांना पुन्हा ‘नम्र व्हा’ सांगणे ही क्रूर थट्टा आहे. पण बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात जो स्वतःला रिक्त करतो तो ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा आहे. त्याच्याजवळ सोडण्यासारखे काही होते. बेनेडिक्टही मठाधिपतीला ६४ व्या प्रकरणात बजावतात की तुझे काम हुकमत गाजवणे नव्हे, उपयोगी पडणे. तिसऱ्या प्रकरणात महत्त्वाच्या गोष्टीसाठी सगळ्यांना बोलवायला सांगितले आहे, कारण अधिक चांगले काय ते देव पुष्कळदा सर्वांत लहानालाच सुचवतो. ६१ व्या प्रकरणात बाहेरून आलेल्या पाहुण्या मठवाशाने नम्रपणे काही दोष दाखवला तर देवाने त्याला त्यासाठीच पाठवले असेल, असा विचार करायला सांगितले आहे. अन्यायाची तक्रार घेऊन आलेल्याला ‘तुझ्यात नम्रता नाही’ म्हणून गप्प बसवणाऱ्या धर्मगुरूला आणि विश्वस्ताला या नियमावलीचा आधार मिळणार नाही.

वैयक्तिक पातळीवर करायचे असेल तर सोळाव्या शतकात जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी दिलेली पद्धत अजून उपयोगाची आहे. एकच दोष निवडायचा, समजा ‘माझे नाव घेतले गेले नाही म्हणून वाटणारा राग’. सकाळी उठल्याबरोबर त्याबद्दल निश्चय. दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर तासातासाचा आढावा घेऊन जितक्या वेळा घडले तितके ठिपके. कागदावर आठवड्याच्या सात दिवसांसाठी प्रत्येकी दोन ओळी: वरची दुपारची, खालची रात्रीची. दिवसभरात तो दोष घडला की त्याच क्षणी छातीवर हात ठेवायचा. चारचौघांत कुणाच्या लक्षात येत नाही. मग ओळीची ओळीशी, दिवसाची दिवसाशी आणि आठवड्याची आठवड्याशी तुलना. बिघडते ते दोन ठिकाणी. एकदम पाच दोष घेतले की चौथ्या दिवशी कागद हरवतो. आणि ठिपके कमी होऊ लागले की कागद कुणाला तरी दाखवावासा वाटतो. तो फक्त पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूला दाखवावा, आणि दाखवावासा वाटला हाही एक ठिपका धरावा.

धर्मग्रामाच्या पातळीवर तीन गोष्टी लगेच करता येतील. गुरुवारच्या बारा जणांची यादी समितीने न करता सगळ्या कुटुंबांच्या चिठ्ठ्यांतून काढावी. आजारी किंवा चालता न येणारे असतील त्यांना मुद्दाम बोलवावे. सणाच्या फ्लेक्सवर जिवंत माणसाचा फोटो नको, धर्मगुरूंचाही. आणि ईस्टरनंतरच्या पहिल्या शनिवारपासून हॉलची आणि स्वच्छतागृहांची सफाई पाळीने: पहिल्या आठवड्यात फादर आणि समितीचे अध्यक्ष, दुसऱ्यात खजिनदार आणि चिटणीस, पुढे वॉर्डांप्रमाणे सगळे. बादल्या, झाडू, फिनेल मोजून घ्यायचे आणि मोजून परत द्यायचे. फोटो काढायचा नाही. सध्या जी व्यक्ती पगारावर हे काम करते तिचा पगार कापायचा नाही. शनिवार तिची सुट्टी समजावी. लोक सुरुवातीला ‘फादर, तुम्ही कशाला?’ म्हणत झाडू हातातून ओढून घेतील. तो द्यायचा नाही.

– एक वाचक, वसई